खाकी कव्हरांखालचे बारकोड

इकडे ये बघू, जवळ ये. समोर नाहीस, म्हणून कागदावरच तुझा कान धरते. ठाण्याहून डोंबिवली ती काय लांब, पण गणपतीनंतर तुझं तोंड दिसलेलं नाही. मावशीची आठवण आली की तू करतेस काय, तर लिंका पाठवतेस. तू शाळेतली ग्रंथपाल, तुला त्यांची सवय. मी आपली सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मुलांची पुस्तकं सांभाळणारी. कुठे शिकायला गेले नाही. वाचत आले, मुलांना देत आले, एवढंच.

आता त्या लिंकांनी काय केलं ते ऐक.

पाऊस ओसरला तसे आमचे चेअरमन खोलीत डोकावले. वॉचमनच्या केबिनमध्ये कुरिअरच्या पार्सलांनी पाय ठेवायला जागा नाही, आणि तुमच्याकडे मुलं येतात कुठे, असं म्हणाले. खोटं नाही ते. हल्ली शनिवारी तीन-चार येतात, त्यातलं एक पंख्याखाली बसायला. मी म्हटलं, येतील हो मुलं. त्यावर ते म्हणाले, "काकू, तुमच्याकडे काय आहे ते आईबापांना घरबसल्या दिसायला हवं. ऑनलाइन करा. दिवाळीनंतरच्या मीटिंगपर्यंत थांबतो, नाहीतर खोली पार्सलांना." माणूस वाईट नाही गं. त्यांचा मुलगा माझ्याच खोलीत वाचायला शिकला. म्हणून तर जास्त लागलं.

घाबरून तुला फोन केला, तर तू धडाधड लिंका सोडल्यास. फुकट गोष्टींची एक, गोष्टी वाचून दाखवणारी एक, वयाप्रमाणे पुस्तकं सुचवणारी एक, आणि ती बारकोडवाली. पुस्तकाच्या मागच्या काळ्या रेघांवर मोबाइल धरायचा, की नाव, चित्र, लेखक, सगळं आपोआप यादीत चढतं. दोन मिनिटांचं काम आहे मावशी, म्हणालीस.

पहिलं पुस्तक घेतलं, उलटं केलं आणि हात तसाच राहिला. अगं, माझ्या झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तसंच, वर नाव लिहिलेलं. आणि मुलं कव्हरं काढून त्यांची विमानं करतात, म्हणून प्रत्येक कव्हर कणकेची खळ शिजवून पुस्तकाला चिकटवलेलं. सगळे बारकोड त्या कागदाखाली.

मग काय, ओलं फडकं घेऊन एकेक कव्हर सोडवत बसले. खळ घरची, पक्की. काही पुस्तकांचा बारकोड कागदाबरोबर उचकटून आला. जी बचावली, त्यांचा वेगळाच ताप. जुन्या मराठी पुस्तकांना बारकोडच नाही. नव्यांना आहे, तर मोबाइल म्हणतो, असं पुस्तक सापडत नाही. मेल्या, माझ्या हातात आहे ना ते. नाव टाइप करावं, तर जोडाक्षर फुटतं. कसंबसं जुळवावं, तर पासवर्ड मागतो. पासवर्ड दिला की ओटीपी, आणि ओटीपी येईपर्यंत लिहिलेलं सगळं पुसलेलं. एवढं डोकं मी चार माणसांच्या स्वयंपाकात कधी तापवलं नाही. इंग्रजी पुस्तकं मात्र टुणटुण चढली. कोणाच्या वाढदिवसाला आलेली, कोणाची परदेशातली नातवंडं टाकून गेलेली, तेवढीच.

तेवढ्यावर खूश होऊन मी सोसायटीच्या ग्रुपवर यादीची लिंक टाकली. हो, शेवटी मीसुद्धा लिंकच टाकली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची एक आई भेटली, लेकीला घेऊन क्लासहून येत होती. छान केलंत म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण ही सगळी आहेत आमच्याकडे. मराठी नाहीत का तुमच्याकडे? हिला मराठी वाचता यायला हवं होतं."

कपाटं मराठीने भरलेली, आणि अख्ख्या सोसायटीला दिसतंय की माझ्याकडे मराठी नाहीच.

दोघींना तशीच खोलीत घेऊन गेले. टेबलावर सोललेली पुस्तकं वाळत घातली होती. पोरगी आत आली आणि थबकली.

"आजी, ही नवीन आणलीत?"

नवीन कसली. ती शाळेत जायला लागली त्याच्या आधीपासूनची. पण आजवर तिला त्यांचा खाकी कागदच दिसलेला. छत्रीवाल्या हत्तीचं एक उचलून ती जमिनीवर बसली, आणि आई चल म्हणत राहिली तरी उठेना. पुढच्या शनिवारी दोन मैत्रिणी घेऊन आली. मी लगेच चेअरमनांना सांगितलं. बरं वाटलं त्यांना, पण म्हणाले, मीटिंगला मला मोबाइलवर दाखवावं लागेल, काकू. म्हणजे पुन्हा तिथेच.

तुझी वाचून दाखवणारी लिंक चांगली आहे, नाही म्हणत नाही. मुलांना लावली होती एकदा. ऐन वाघ येतो तिथे केसांच्या तेलाची जाहिरात आली, आणि मुलं तेलावरच हसत बसली.

तर आता लिंका पुरे. मला तुझी बोटं हवीत. तू मराठी नावं टाइप कर, मी कव्हरं सोलते. दुपारी घावन घालीन, नारळाचा रस काढून ठेवते. शीळफाट्याने नको येऊस, तिथल्या ट्रॅफिकमध्येच दुपार होईल. आणि दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नकोस. तेव्हा आलीस तर पार्सलं बघायला येशील. या रविवारीच ये.