गव्हाणीची उंची

माझी आणि त्या म्हाताऱ्या मोतद्दाराची ओळख शिव्यांमुळे झाली. वेलचेरीच्या रस्त्यावर सायकलची चेन तिसऱ्यांदा उतरली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि मी ती सायकल विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा अस्सल सांगलीच्या भाषेत उद्धार करत होतो. मद्रासमध्ये ही एक मोठी सोय होती. मराठीत काहीही बोला, कुणाला कळत नसे. पण त्या दिवशी शेजारच्या फाटकातून एक म्हातारा बाहेर आला. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात घोड्याचा खरारा. हसत हसत म्हणाला, "तुम्ही अम्हांचेच कीं! असें बोलणें ऐकून बहुत दिवस झाले."

मी लाजेनं लालेलाल. त्यांनी चेन बसवून दिली, आत नेऊन तांब्याभर पाणी दिलं. आत घोडेस्वारी शिकवायची एक छोटी शाळा होती, सात-आठ घोड्यांची, आणि ते तिथले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. त्यांचं घराणं तंजावरचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. घरात मराठी, बाहेर तमिळ. मी त्यांना काका म्हणायला लागलो. गिंडीच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, खोलीवर जाऊन काय करायचं? कारखाना सुटला की सायकल आपोआप तिकडे वळायची.

त्यांच्या हाताखाली तीन घोडे होते, पण जीव एकीवर. तांबूस रंगाची, उतारवयाची घोडी. ती जन्मली तेव्हा काकांनीच तिला पुसून उभी केली होती. अलीकडे ती खोकायची. खाता खाता थांबायची, मान ताणायची, आणि कोरडा खोकला अंगभर हलवून जायचा. शाळा चालवणाऱ्या बाई तमिळ, शिस्तीच्या, पण दुष्ट नव्हेत. त्यांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची गर्दी होते, तोवर खोकला थांबला नाही तर घोडी ठेवणं परवडणार नाही. समुद्रकिनाऱ्यावर पोरांना चक्कर मारून आणणारा एक माणूस तिला घ्यायला तयार होता. वाळूत, भर उन्हात, असल्या छातीची घोडी किती दिवस टिकणार? काका मला म्हणाले, "एक उन्हाळाही नाही." आणि पुढे तमिळमध्ये नुसतं "पावम" म्हणाले. पावम म्हणजे बिचारी.

घोड्यांचे डॉक्टर म्हणाले होते, गवतातली धूळ सोसत नाही, भिजवून घाला. शिवाय घोडी जमिनीवरचं गवत तुडवते, निम्मं शेणात जातं. बाईंना त्यावर लोखंडी काहीतरी करून हवं होतं. काकांनी माझं नाव पुढे केलं. आमचा माणूस आहे, शिकलेला आहे, करील, म्हणाले. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "हा म्हातारा कधी कुणाची शिफारस करत नाही. बघा."

झालं! मी हवेतच. खिडक्यांच्या जाळ्या, हॉस्पिटलच्या खाटा आणि कपाटं काढून काढून हात नुसता कंटाळला होता. रविवारी टेप आणि वही घेऊन हजर झालो. आणि इथे ती गंमत झाली, जिला मी पुढे कधी गंमत म्हणू शकलो नाही. काकांच्या लेखी वही-पेन्सिलवाला माणूस म्हणजे मोठा माणूस. मोठा माणूस आला की घोडा ताठ उभा करायचा, मान वर, ही त्यांची रीत. त्यांनी दावं धरून घोडीची मान उचलली, स्वतःही ताठ उभे राहिले, आणि मी शहाण्यानं तिच्या नाकाची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून घेतली. त्यांनी सांगितलं नाही असंही नाही. म्हणाले, "खातां वेळीं ती मान खालीं घालते. घोडीस खालीं घालून खाणेंच बरें." चांगलं स्वच्छ वाक्य. पण माझं लक्ष कुठे? 'घोडीस' काय, 'खाणेंच बरें' काय! जुन्या कागदातला माणूस बोलतोय असं मला वाटत होतं, मी त्या बोलण्यावर खूश होऊन माना डोलावत होतो. त्यात सांगितलेलं काहीच डोक्यात शिरलं नाही.

कारखान्यात आठ दिवस खपून मी गव्हाण केली. भिंतीत ठोकायची, पुढे झुकलेली, उभ्या सळ्यांची. दोन सळ्यांमध्ये बरोबर एवढं अंतर की तोंड जाऊ नये पण गवत ओढता यावं. कोपरे घासून गोल, वर हिरवा रंग. साडेपाच फुटांवर बसवली. काकांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. "उंच नाही ना होत?" मी म्हणालो, "काका, माप घेऊन केलंय." मापापुढे म्हातारा काय बोलणार!

गवत तुडवलं जाणं बंद झालं, एक काडी खाली पडेना. बाई खूश. मला मिशी नव्हती, नाहीतर पीळ दिला असता. पण दहा दिवसांत घोडीचा एक डोळा लाल होऊन गळायला लागला आणि खोकला दुप्पट झाला. वर तोंड करून काडी ओढली की सगळा भुसा, सगळी धूळ तिच्या नाकातोंडात. काका गवत भिजवून द्यायचे, पण मद्रासची हवा ती, उंचावरच्या सळ्यांत अडकलेलं गवत दुपारपर्यंत सुकून पुन्हा धूळ व्हायचं, तळाशी राहिलेलं कुबट. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी मात्र टेबलावर नकाशा उलगडून सळ्यांचा दोष शोधत होतो.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच बाई आल्या. घोडीचा डोळा बघितला, खोकला ऐकला. वळून त्यांनी विचारलं, "हे असं का झालं? नवीन गव्हाणीमुळे?" तमिळमध्ये विचारलं, पण एव्हाना मला तेवढं समजत होतं. मला पुरतं कळलं होतं की हो, गव्हाणीमुळेच. तोंड उघडणार इतक्यात काका पुढे झाले आणि म्हणाले, "नाही अम्मा. गव्हाण उत्तम आहे. गवत भिजवायचं माझ्याकडून दोन-तीनदा राहिलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बाईंनी पुन्हा एकदा घोडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडून हिची काळजी होत नसेल तर हिला ठेवून उपयोग काय? किनाऱ्यावरच्या माणसाला मी निरोप पाठवते."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. माझी चूक आहे, बास. सायकलच्या चेनला पन्नास शिव्या घालणारा मी, दातखीळ बसल्यासारखा उभा होतो. कारखान्याचं नाव जाईल, मालक बोलेल, बाई हसतील, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. खरं म्हणजे तेही नाही. मला फक्त लाज वाटत होती. बाई निघून गेल्या.

"काका, असं का बोललात हो?" मी विचारलं.

"मी आणलेंना तुम्हांस," ते म्हणाले. "आणिलेल्या माणसाचा बोल आणणाऱ्यावर. अम्हांकडे असेंच."

रागावले नव्हते, एक रीत सांगत होते.

दुसऱ्या दिवशी आजारी असल्याचं सांगून कारखाना बुडवला आणि तबेल्यात येऊन एका उलट्या बादलीवर बसलो. वही नाही, टेप नाही. काकांना म्हटलं, तुमच्या पद्धतीनं चारा. त्यांनी जमिनीवर गोणपाट पसरलं, भिजवलेलं गवत ठेवलं. घोडीनं मान खाली घातली. थोड्या वेळानं तिच्या नाकातून पाणी ठिबकायला लागलं, ती एकदाच फुरफुरली आणि खात राहिली. "पाहा, घाण खालीं गळते," काका म्हणाले. मान वर असली की तीच घाण छातीत उतरते. इतकं साधं! हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मी विचारत सुटलो आणि ऐकत सुटलो. गवत का तुडवते? पुढच्या पायानं उकरायची सवय. मग काठ हवा, गुडघ्याच्या खाली. काठाला धार नको. फट अशी नको की खूर आत जाऊन अडकेल. गवत उधळते, म्हणजे वर काहीतरी वजनदार हवं, पण दात आपटू नयेत. पाणी निथळायला तळाला भोकं हवीत, आणि उरलेलं कुजू नये म्हणून पेटी रोज उचलून धुता आली पाहिजे, एकट्या म्हाताऱ्याला. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजणार. ते बोलत गेले, मी जमिनीवर बोटानं रेघा ओढत गेलो.

दोन दिवसांत पेटी तयार झाली. जस्ताच्या पत्र्याची, बुटकी, कडा बाहेर वळवलेल्या. आत गवत, त्यावर गुळगुळीत नळीची एक सुटी जाळी. घोडी जाळीच्या घरांतून गवत ओढणार, गवत कमी होईल तशी जाळी आपल्या वजनानं खाली जाणार. ती घेऊन मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "गव्हाणीत थोडी सुधारणा केली आहे. पंधरा दिवस द्या." सुधारणा म्हणालो मी! चूक हा शब्द तेव्हाही घशाखालीच राहिला. बाईंनी किनाऱ्यावरच्या माणसाला थांबवलं, पण एक अट घातली. रोज सकाळी त्या स्वतः येऊन गवत भिजवलंय का ते बघणार.

आणि त्या यायच्या. पेटीत हात घालून ओलावा बघायच्या. घोड्यांत आयुष्य काढलेला तो माणूस बाजूला हात जोडून उभा राहायचा, त्या मान हलवून निघून गेल्या की कामाला लागायचा. मी दोन-तीन सकाळी कामावर जाताना हे बघितलं. नंतर मी संध्याकाळीच जायला लागलो.

आठवड्यात डोळा निवळला. पंधरा दिवस भरायच्या आत खोकला इतका कमी झाला की तो ऐकायला थांबावं लागे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून समाधान दाखवलं. बाईंनी किनाऱ्यावरच्या माणसाला कायमचा नकार कळवला आणि सगळ्या घोड्यांसाठी तसल्या पेट्या करायला सांगितल्या. काकांच्या समोर माझी पाठ थोपटली. इतका आनंद झाला होता मला की सांगता सोय नाही, आणि त्या आनंदात मी अखेर बोललो. म्हणालो, "बाई, पहिल्या वेळी चूक माझीच होती. काकांनी गवत रोज भिजवलं होतं. ही पेटीही त्यांनीच सांगितली तशी केली आहे."

बाईंचा चेहरा उतरला. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं? मी रोज सकाळी..." काकांची माफी मागून त्या गेल्या. मला वाटलं, चला, फिटलं. मी हसत काकांजवळ गेलो. ते पेटीतली जाळी उचलून धूत होते.

"काका, सांगून टाकलं," मी म्हणालो.

"ऐकलें." त्यांनी जाळी उलटी करून पुसली, पेटीत गवत घातलं, घोडीला सोडलं. ती मान खाली घालून खायला लागली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटी फार चांगली झाली. पण मजला त्या दिवशीं पेटी नको होती. तुम्ही एक शब्द बोलाल म्हणून मी थांबलो होतो. बाई फाटकापर्यंत जाईतों."

घोडी खात होती, एकदाही खोकली नाही. तिचं गवत संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.