फाटकाबाहेरची साक्षीदार

२ मार्च १९४४, सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मला वहीत पाहावी लागत नाही. वरूड ठाण्याच्या आवारात, निंबाखाली, एक तांबूस कुत्रा साखळीला बांधलेला होता.

पुढे मी पोलीस खात्याच्या प्रयोगशाळेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तेव्हा मात्र विज्ञानाची पदवी घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. संत्र्यांच्या एका व्यापाऱ्याच्या गुमास्त्याला बागेच्या रखवालदाराचा कुत्रा चावला होता. तो पिसाळल्याची खबर गुमास्त्यानेच ठाण्यात दिली. असा कुत्रा दहा दिवस बांधून पाहतात. रोग असेल तर तेवढ्यात तो मरतो. त्यासाठी दवाखान्याने मला वरूडला धाडले आणि हे निरीक्षण फौजदारांनी माझ्याकडे सोपवले. स्वतंत्रपणे करायचे माझे ते पहिलेच काम.

वाडग्यात वीस औंस पाणी ठेवले. संध्याकाळी मोजले: वीस. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा वीस. अन्नालाही तोंड नाही. शिवाय गुरगुर, विव्हळणे, सतत फाटकाकडे धाव. ही सारी लक्षणे मी एकाखाली एक लिहिली.

ठाण्याचे वयस्कर हवालदार जवळ येऊन म्हणाले, “बाई, रखवालदाराची पोट्टी दोन रोज झाले फाटकाभायेर बसून हाय. माय नाही तिले, हे कुत्रंच तिचं गनगोत. जरा इचारा तिले.”

“नऊ वर्षांच्या मुलीला रोगातले काय कळणार?”

“रोगातलं नाही, कुत्र्यातलं तं कळते! का कालेजात तेही शिकवतेत?”

शिपाई हसले. मला ते झोंबले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मी अहवाल दिला: पिसाळल्याची लक्षणे स्पष्ट. दहा दिवसांचा नियम मला पाठ होता. पण निदान लवकर करून दाखवायचे होते. दुपारी फौजदारांच्या हुकमाने कुत्र्याला गोळी घातली.

संध्याकाळी गुमास्त्याची जबानी झाली; कुत्रा बाहेर रस्त्यावर चावला, असे तो सांगत होता. पंचनाम्यात रक्ताचे डाग बागेच्या कुंपणाच्या आतल्या बाजूस नोंदले होते. फौजदारांनी त्यावर बोट ठेवताच तो कबूल झाला. पहाटे कुंपण ओलांडून तो संत्री तोडत होता. कुत्र्याने राखण केली होती.

मग मुलीला आत बोलावले. पाण्याचे मीच विचारले.

“बागीतले चोर कुत्र्याले जहर घालतेत, बाई. मनून बाबानं शिकवलं. मी ‘घे’ म्हनल्याबिगर भुऱ्या कोनाच्या हातचं तोंडात घेत नाही.” निंबाखालच्या रिकाम्या साखळीकडे पाहत ती म्हणाली, “मी तं भायेरच होती. मले काहून नाही बोलावलं?”

मी वहीतले आकडे पुन्हा पाहिले.

पुढे तपासणीत कुत्र्याच्या मेंदूत रोगाचे कोणतेच चिन्ह निघाले नाही. माझे एकही माप चुकले नव्हते. मोजण्याआधी विचारावे, एवढेच मला येत नव्हते. त्याची किंमत त्या मुलीने मोजली. नंतरच्या सबंध नोकरीत, आवारात कोण ताटकळत बसले आहे हे पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही केली नाही.

वरूड सोडण्यापूर्वी मी आणखी एक माप घेतले. ती बसली होती ती फाटकाबाहेरची जागा ते निंबाचे खोड: सत्तावीस पावले.