मांडीची कातडी
धान उकडण्याचा वास आला की मला माझी धाकटी लेक आठवते. उकळता हंडा तिच्यावर कलंडला आणि पाठ सोलून निघाली. साकोलीहून तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "तिची कातडी येईपर्यंत तुमची लावू." सासू म्हणाली, "पोरीसाठी मांडी कापून घेतेस? रोवण्याले, धान लावाले कोन जाईन?" मी मांडीची कातडी दिली. काही दिवस ती कातडी तिच्या पाठीवर जिवंत दिसली, मग काळी पडून सुटू लागली. मी विचारलं, "माझ्याच पोटची हाये, मंग माझं कातडं काहून धरत नाही?" डॉक्टर म्हणाले, "आईचं असलं तरी अंग ते परकं समजून फेकतं, बाई." स्वतःची कातडी यायच्या आत ती गेली. माझी मांडी भरून आली आणि मी रोवण्याला गेले. आता माझं सगळं अंग सुरकुतलं आहे. मांडीवरचा तेवढा तुकडा मात्र अजून गुळगुळीत आहे.