काबरीचा दुसरा डोस

मायला गाडीत बसवायला चार माणसं लागली. मांजरीला एकही नाही, कारण मांजरीचं सगळं मायनेच केलं. मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या बसल्या तिने कापसाच्या पोत्याचं तोंड उघडलं, आत जुनं लुगडं घातलं, काबरीला मानेला धरून आत सोडलं आणि सुतळीने गाठ मारली. "वाट दिसली का मांजर परत पयते," ती म्हणाली. "तिले वाट नाई दिसली पायजे." शेजारच्या शेवंताकाकूने घराची किल्ली पदरात बांधून घेतली. माय तिला म्हणाली, "दिवाळीच्या आत येतो मी. तुळशीले पानी घालत जाजो."

गाडीत मी होतो, ड्रायव्हर होता, माझी बायको सुनंदा होती. ते वाक्य ऐकून मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. वय वर्षं एकोणीस असताना मी ते सोडलं आणि यवतमाळला एका गोदामात वजनकाट्यावर लागलो. त्या वेळी बाबा फाट्यापर्यंत ट्रंक घेऊन आले होते. "दर शनवारी येत जाय, लांब नाई हाय," एवढंच म्हणाले. लांब खरंच नव्हतं, आजही नाही. पण तुमच्यापैकी जे जवळच्याच शहरात गेले त्यांना माहीत असेल, जवळ असलं की जाणं उद्यावर टाकता येतं. मुंबईला गेलेला पोरगा निदान दिवाळीला पंधरा दिवस राहतो. मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारा. शनिवारचा महिना झाला, बाबा गेल्यावर महिन्याचा सण झाला. माय त्या घरात एकटी राहिली, आणि सहा वर्षांपासून काबरी.

यंदा माय अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आत रॉड बसला. टाके काढायला नेलं त्या दिवशी हाडाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उकिडवं बसणं बंद, पायऱ्या बंद आणि एकटं राहणं तर बंदच. गावच्या घराचा संडास अंगणापलीकडे आहे, मध्ये तीन उंच दगडी पायऱ्या. मी वजनमापाचा माणूस आहे, मला हे गणित तिथेच सुटलं होतं. मायला मात्र कोणी काही विचारलं नाही, आणि मायनेही कोणाला काही विचारलं नाही.

आमचा फ्लॅट यवतमाळला दारव्हा रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मायला खुर्चीसकट वर आणलं, ती त्यानंतर खाली उतरली नाही. काबरीचंही तेच. गावात ती कौलांवरून हिंडायची, आमच्यापेक्षा दुसऱ्यांच्याच घरी जास्त असायची. इथे तिला एक खोली, एक बाल्कनी आणि बाल्कनीला जाळी. पहिले आठ दिवस ती दाराशी बसून ओरडली. मग ओरडणं थांबलं आणि ती जाळीशी बसू लागली. माय वॉकर धरून खिडकीशी उभी राही. एकीला जाळीतून दिसे पार्किंग, दुसरीला खिडकीतून दिसे पार्किंग. मी कामावरून आलो की दोघी माझ्याकडे एकदम वळून पाहायच्या आणि परत पार्किंगकडे.

त्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागे एक भटकी मांजर व्यायली होती. पिल्लं पाच. एके दिवशी सुनंदा दूध घालायला गेली आणि घाबरी होऊन वर आली. दोन पिल्लं पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली होती, पण पाणी पीत नव्हती. ओकून ओकून अंग चपटं झालेलं. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही मेली.

"अहो, मी हात धुतले होते," सुनंदा म्हणाली, "पण चप्पल तीच घालून आत आले."

मी काबरीला टोपलीत घालून खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, फार गोड बोलणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे मला बऱ्या वाटल्या. काबरीचं वजन तीन किलो दोनशे भरलं. पिल्लांचं वर्णन ऐकून त्या म्हणाल्या की हा मांजरांचा पार्व्हो, म्हणजे ओकाऱ्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा आजार, असण्याची शक्यता मोठी आहे. माणसाला होत नाही, पण चपलेवरून, कपड्यांवरून घरात येतो आणि फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. मांजर घरातून बाहेर पडत नाही म्हणून ती सुरक्षित, असं समजू नका. एक लस आहे, तिच्यात हा आजार आणि सर्दीसारखे दोन विषाणूंचे आजार येतात. रेबीजची वेगळी.

मी विचारलं, लस दिलेल्या शंभर मांजरींपैकी किती वाचतात आणि न दिलेल्या किती. त्या म्हणाल्या, "आपल्या भागाचा आकडा माझ्याकडे नाही. पिल्लं बहुतेक मरतात, लस दिलेली बहुतेक वाचतात, एवढं खात्रीने सांगते." दुष्परिणाम विचारले. एक-दोन दिवस मरगळ, हलका ताप, क्वचित गाठ. हे सगळं माझ्या तराजूत नीट बसत होतं. आणि मग त्यांनी विचारलं,

"ही इथेच राहणार आहे, की परत गावाला जाणार?"

मी म्हणालो, त्याने काय फरक पडतो?

पडतो, त्या म्हणाल्या. सहा वर्षं गावात मोकळी फिरलेली मांजर. या आजाराशी तिची गाठ आधीच पडलेली असू शकते, नसूही शकते. पण डोस दोन लागतात, मध्ये तीन-चार आठवडे. दुसऱ्यानंतरही दोन आठवडे तिला बाहेर सोडायचं नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा एक. "लवकर परत न्यायची असेल तर अर्धवट सोडू नका. तिने इथून काही नेलं तर तिथली पिल्लं जातील. म्हणून विचारते, ती जाणार आहे का आणि कधी?"

घरात तीन माणसं अडीच महिने जो प्रश्न ओलांडून चालत होती, तो एका परक्या बाईने टेबलावर ठेवला, मांजरीच्या बाजूला. काबरी कधी जाणार म्हणजे माय कधी जाणार. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. मॅडमनी टोपली माझ्या हातात दिली. लस न देताच मी परत आलो.

माय वाटच पाहत होती. "काय म्हने डाक्तर?"

मी आजार सांगितला, दोन डोस सांगितले, पुढच्या वर्षीचा सांगितला. तो प्रश्न सांगितला नाही.

"पुढच्या साली कायले? पुढच्या साली ते अठी कायले राहीन?" मायने टोपलीचं झाकण उघडलं. "आन सुई कायले टोचतं तिले? आपल्या गावात कोन्या मांजरीले सुई टोचली कधी?"

"आपल्या गावात मांजरी मरतही होत्या, माय."

"मरत होत्या. कोंडून नोत्या मरत."

पुढचे चार दिवस मी काही ठरवलं नाही. सकाळी जाताना टाकीमागे पाहायचो. तिसरं पिल्लू गेलं, मग चौथं. चपला दाराबाहेर काढू लागलो, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसू लागलो. गावाहून आलो की पायाला लागलेली माती झटकायला मला कधीकधी जिवावर येई, खोटं नाही सांगत. आता कुठून काय आणतो आहे या भीतीने मी बाहेरच्या नळावर तळवे घासत होतो. लस द्यायची हे मला पटलं होतं. पण द्यायला गेलो की मॅडम विचारणार, आणि विचारलं की उत्तर द्यावं लागणार. लस न देणं म्हणजे काबरीला हकनाक मरू देणं. देणं म्हणजे मायला सांगणं. आणि काही न करणं म्हणजे त्या एका खोलीत दोघींना पार्किंग पाहत ठेवणं. तिन्हीकडून दार बंद.

रविवारी जेवण झाल्यावर मी मायच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसलो. सुनंदा दारात उभी होती.

"माय, डॉक्टरने आणखी एक विचारलं. काबरी इथेच राहणार का, म्हणून."

"मंग तू काय सांगतलं?"

"काही नाही."

"काहून?"

मी पायऱ्या सांगितल्या. अंगणापलीकडचा संडास सांगितला. हाडाचे डॉक्टर जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. पुन्हा पडली तर शेवंताकाकूला कळायला किती वेळ लागेल, आणि तिथून दवाखाना गाठायला किती, तेही सांगितलं. मोजमापाशिवाय मला दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येत नाही. माय ऐकत होती. काबरी तिच्या मांडीवर होती आणि मायचा हात तिच्या पाठीवरून एकसारखा फिरत होता.

"तू मले सांगून राह्यला का मांजरीले?"

"तुला."

"असं मंग सांग ना बाप्पा. मांजरीच्या आडून कायले येतं?" तिने काबरीला जवळ ओढलं. "मले म्हाईत होतं. टाके काढाले नेलतं, तवाच म्हाईत होतं. तू सांगतं का नाई, तेच पाहून राह्यलो होतो."

सुनंदा आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. "आई, काबरी आहे ना तुमच्याजवळ. आपण तिला लस देऊ. दोघी इथं राहाल."

"देऊ ना. दोन्ही सुया दे तिले," माय म्हणाली. "अठची बिमारी तठी नोको न्यायले. शेवंताच्या घरी दोन पिल्लं हायत. सुया झाल्या, डाक्तरनं सांगतले तेवढे दिवस झाले, का मंग तिले नेऊन सोड."

मी म्हणालो, माय, ती तुझ्या सोबतीला आहे. तुला करमणार नाही.

"करमन का नाई ते माझं मी पाहीन. माझ्या टांगीत रॉड हाय, तिच्या टांगीत हाय का?" मग सुनंदाकडे पाहून, "एकीनं कोंडून राह्यलं तं पुरे झालं. दोघी कायले?"

सुनंदाला हे लागलं. ती उठून ओट्याकडे गेली आणि तिने नळ मोठा सोडला. आम्ही कोंडलं नव्हतं. पण इथे आल्यापासून माय एकदाही जिना उतरली नव्हती.

सोमवारी पहिला डोस दिला. मॅडमनी परत विचारलं, आणि मी सांगितलं: मांजर जाणार, डोस पूर्ण झाल्यावर. त्या दिवशी काबरी जेवली नाही, मायही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी जेवल्या. चौथ्या आठवड्यात दुसरा डोस. त्या काळात टाकीमागचं पाचवं पिल्लू कसं कोण जाणे, वाचलं. काबरीला काही झालं नाही. ते लसीमुळे, की ब्लीचमुळे, की गावातल्या सहा वर्षांमुळे, हे मी सांगू शकत नाही. एका मांजरीवरून काही सिद्ध होत नाही.

पुढचे दोन आठवडेही संपले. तिला न्यायच्या सकाळी मायने टोपलीचं झाकण स्वतः लावलं. ते दोनदा ओढून पाहिलं.

गावात टोपली शेवंताकाकूच्या ओट्यावर उघडली. काबरी बाहेर आली, काकूकडे पाहिलं नाही, आमच्या कुलूप लावलेल्या दाराशी गेली. दार हुंगलं, उंबऱ्यावर जरा बसली, मग भिंतीवरून कौलांवर चढली आणि पलीकडे उतरली. काकू म्हणाली, "येईन खायाले. जाते कुठी." मी बसची वेळ होईपर्यंत तिथे होतो. ती परत आली नाही.

गाव सोडलेल्यांना लोक विचारतात, तुझं घर कोणतं. मी इतकी वर्षं बेधडक गावाचं नाव सांगत होतो, कारण तिथे माय होती. आता तिथे कुलूप आहे आणि कौलांवर एक मांजर आहे. इथे माय आहे, पण या फ्लॅटला ती अजून घर म्हणालेली नाही. ती याला माझ्या नावाने "दिलीपचं" म्हणते. दिलीपचं किचन, दिलीपचा संडास.

संध्याकाळी परत आलो तेव्हा तिने विचारलं, "मांगं वळून पाह्यलं का तिनं?"

"नाही."

"बरं झालं."

मग तिने सुनंदाला हाक मारून पलंगाखालची पिशवी ओढायला लावली. चार महिने तिचे कपडे त्या पिशवीतच होते, धुतले की घडी करून परत तिथेच. "कपाटात जागा दे मले," ती म्हणाली. "खालचा कप्पा नोको, वाकता येत नाई. वरचा नोको, हात पुरत नाई."

राहिला मधला. तो माझा. मी तो रिकामा करून दिला. माझे शर्ट अजून खुर्चीवर आहेत.