‘इतर’मधले डॉक्टर

माझे यजमान जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून झाली. माझे सासरे तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. पोरगा डॉक्टर झाला याचं त्यांना इतकं कौतुक, की सांगताना ‘जनावरांचा’ हा शब्द ते गाळूनच टाकायचे. त्यामुळं गल्लीतली म्हातारी माणसं अजूनही आमच्याकडं गुडघे दाखवायला येतात. मीसुद्धा यजमानांना डॉक्टरच म्हणते. लग्न झाल्यावर ‘अहो’ म्हणायची लाज वाटायची, तेव्हापासूनची सवय.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, भाचे-पुतण्यांची लग्नं जमवतात. डॉक्टरांनी नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला. कारण साधं होतं. आमच्या वॉर्डात पाण्याची टाकी बांधून तयार होती, रंग दिलेला होता, उद्‌घाटनसुद्धा झालं होतं. फक्त आत पाणी सोडायचं राहिलं होतं. पाणी का सोडत नाहीत, हे विचारायला डॉक्टर नगरपालिकेत इतके वेळा गेले, की शेवटी तिथला शिपाई म्हणाला, “सायेब, रोज येण्यापरीस निवडूनच या की.”

हे त्यांनी मनावर घेतलं.

अपक्ष उमेदवार म्हणून त्यांना चिन्ह मिळालं इस्त्री. आयुष्यात त्या माणसानं इस्त्री हातात धरलेली मी पाहिलेली नाही. पत्रकावर ती छापून आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, “ही सरळ छापलीय की उलटी?”

प्रचार सुरू झाला. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं सकाळची शाळा सुटली की मीही त्यांच्याबरोबर घरोघर जायची. लोक प्रेमानं बसवायचे. प्रत्येक घरात एक तरी गाय, शेळी नाहीतर कुत्रं त्यांच्या हाताखालून गेलेलं. चहा व्हायचा, मग शेजारची एखादी बाई हळूच म्हणायची, “डॉक्टर, तुमी म्हंजे द्येवमानूस. पन मत त्या दोघांपैकीच कुनाला तरी द्याया पायजे. न्हाय तर वाया जातंय.”

“वाया कसं जाईल, मावशी?”

“पेपरात आलंय. दोघांतच हाय म्हनं.”

आलं होतं खरंच. पेपरात आमच्या वॉर्डाची बातमी होती. दोन पक्षांच्या दोन उमेदवारांचे फोटो समोरासमोर, मधे तलवारी काढलेल्या, वर मथळा ‘अटीतटीची दुरंगी लढत’. अगदी शेवटच्या ओळीत, ‘याशिवाय इतर उमेदवारही रिंगणात आहेत.’ इतर म्हणजे आमचे डॉक्टर. दुसरं कोणी नव्हतंच. आख्ख्या वॉर्डात तीनच अर्ज होते. एका माणसाला ‘इतर’ हे अनेकवचन कसं लागू होतं, हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये व्याकरण म्हणून विचारला. उत्तर द्यायचं सोडून भूगोलाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मिस्टर खरंच उभारलेत, का हौस म्हणून?”

त्या पेपरचा वार्ताहर झेरॉक्सचं दुकान चालवतो. डॉक्टर त्याच्याकडं गेले, मी सोबत होते. तो कुणाचं तरी आधार कार्ड झेरॉक्स करत होता. उठून त्यानं खुर्ची दिली.

“डॉक्टर, तुमचं आलंय की बातमीत.”

“कुठं?”

“इतरमधी.”

“माझं नाव का नाही छापलं?”

“लोकं ज्याचं नाव घेत्यात, त्याचं आमी छापतो.”

“आणि लोक कुणाचं नाव घेतात?”

“पेपरात आलंय त्याचं.”

आपल्या उत्तरात काही खोट आहे असं त्याला मुळीच वाटलं नाही. मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, “वाईट वाटून घिऊ नगासा. तुमच्या गल्लीतली मतं तुमाला पडतील. पुढं काय?” आमची गल्ली म्हणजे कुठली, बुद्धविहाराच्या आसपासची, हे त्यानं उच्चारलं नाही. डॉक्टरांनीही ते ऐकलं आणि सोडून दिलं. परतताना एवढंच म्हणाले, “म्हशीनं कधी विचारलं नाही, कुठल्या गल्लीतनं आलास म्हणून.”

ते चिडलेत हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

प्रचार संपायला थोडे दिवस राहिले असताना एका रविवारी सकाळी आम्ही वॉर्डाच्या टोकाला गेलो. तिथं एका म्हाताऱ्या आक्काचा गोठा आहे. आख्ख्या पेठेला दूध घालते. आम्हाला बघताच आक्का धावतच आली. “डॉक्टर, द्येवासारखं आलासा! म्हैस अडलीया. रातीपासनं कळा देतीया.”

डॉक्टरांनी पत्रकं माझ्या हातात दिली, मग शर्ट दिला, मग घड्याळ. बनियनवर आत गेले, साबण मागितला, खांद्यापर्यंत हात धुतला आणि म्हशीच्या मागं बसले. जरा वेळानं म्हणाले, “रेडकू उलटं आहे. दोरी आणा.”

मी दोरी शोधून दिली, आक्कानं तिचं टोक धरलं, तेवढ्यात गोठ्यासमोर जीप थांबली. दोन मुख्य उमेदवारांपैकी एकजण उतरला. तरुण, पांढरी विजार, गळ्यात पक्षाचं उपरणं, मागं दहाबारा कार्यकर्ते. बरोबर एका यूट्यूब चॅनेलचा पत्रकार होता, एका हातात माईक, दुसऱ्या हातात काठीला लावलेला मोबाइल. ‘उमेदवार जनतेच्या दारात’ असा त्यांचा थेट कार्यक्रम होता आणि पाठीमागं म्हशी असल्या की चित्र चांगलं दिसतं म्हणून त्यांनी गोठा निवडला होता. आत काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पत्रकारानं उमेदवाराला दारात उभं केलं आणि लाइव्ह सुरू केलं.

“आज आपल्यासोबत आहेत वॉर्डातले आघाडीचे उमेदवार. साहेब, काय सांगाल?”

“गेल्या पाच वर्षांत आम्ही विकासाची गंगा—”

“कळ आली की ओढा, आक्का! आधी न्हाय!” आतून डॉक्टर ओरडले.

उमेदवारानं मान वळवली नाही. कौतुकच करायला हवं. “विकासाची गंगा घराघरात पोचवली, आणि येत्या काळात आमचं व्हिजन—”

“थांबा, थांबा! आता ओढा! पाय आले!”

“—आमचं व्हिजन असं आहे, की तरुणांना—”

“अजून जोरात!”

मोबाइलवर लोकांचे शेरे खालून वर सरकत होते. पत्रकार ते वाचत होता आणि त्याचा चेहरा बदलत चालला होता. नंतर मी तो व्हिडिओ बघितला. एकानं लिहिलं होतं, ‘सायबास्नी जरा बाजूला घ्या, म्हैस दिसंना.’ खाली असलेच शेरे एकामागून एक. शेवटी पत्रकारानं मोबाइलची काठी हळूच डावीकडं नेली. उमेदवार चित्राबाहेर जाऊनसुद्धा थोडा वेळ तरुणांच्या रोजगाराबद्दल बोलत राहिला, मग त्याच्याही लक्षात आलं आणि तोही आत बघायला लागला.

रेडकू बाहेर आलं, पण हालेना. डॉक्टरांनी त्याचं तोंड पुसलं, मागचे पाय धरून उचललं, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. मी पत्रकं छातीशी धरून उभी. रेडकू शिंकलं. आक्कानं हात जोडले आणि बाहेरच्या कार्यकर्त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या, की आपल्या नेत्याच्या सभेत कधी वाजवल्या नसतील. नेताही टाळ्या वाजवत होता. मुळात पोरगं वाईट नव्हतंच.

पत्रकारानं माईक डॉक्टरांपुढं धरला. “आपण कोण?”

“उमेदवार.”

“कशाचे?”

“ह्याच वॉर्डाचे.”

पत्रकारानं जीपवाल्या उमेदवाराकडं बघितलं. तो म्हणाला, “व्हय, हैत. इतरमधी.”

दुपारपर्यंत तो व्हिडिओ निपाणीतल्या सगळ्या मोबाइलांत पोचला, संध्याकाळी बेळगावात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात मथळा होता, ‘वॉर्डात तिरंगी लढतीचे चित्र स्पष्ट’. डॉक्टरांचा फोटो होता, पूर्ण नाव होतं, तलवारी आता तीन होत्या. आदल्या दिवशीचाच माणूस, तीच इस्त्री, तीच कोरडी टाकी. पण दारावर गेलो की पूर्वी चहा मिळायचा, आता चहाबरोबर शेव-चिवडा यायला लागला. त्याच मावशी म्हणाल्या, “आता तुमचा इचार कराया हरकत न्हाय.” झेरॉक्सवाला स्वतः घरी आला आणि ‘माझं पहिल्यापासनं तुमच्यावर ध्यान होतं’ असं म्हणाला.

मग एका कन्नड चॅनेलचा फोन आला, बेळगावच्या स्टुडिओत चर्चेला या म्हणून. डॉक्टरांचं कन्नड गोठ्यात शिकलेलं, पण खणखणीत. मीच त्या दिवशी त्यांच्या शर्टाला इस्त्री केली. घरी टीव्हीपुढं अर्धी गल्ली जमली. पडद्यावर सहा चौकोन आणि उजवीकडं खालच्या चौकोनात डॉक्टर, तोंडाला पावडर लावलेली. निवेदक आणि दोन पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते. डॉक्टरांनी दोनदा बोट वर केलं. तिसऱ्यांदा निवेदक म्हणाला, “हेळी डॉक्टर!” म्हणजे सांगा. डॉक्टर म्हणाले, “नम्म वॉर्डिन टँकी…” ‘आमच्या वॉर्डातली टाकी’ एवढं झालं आणि जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो सांगायला लागला, “डॉक्टर, लई भारी बोललासा!”

“अरे, मी बोललोच नाही.”

“तरीबी. बसला कसा हुतासा! त्यातच समदं आलं.”

मला हसू येत होतं, पण खोटं कशाला सांगू, टीव्हीवर बघितल्यावर मलाही ते जरा उंच वाटायला लागले होते. त्या रात्री मी त्यांना विचारून भाजी केली. एवढ्या संसारात हे प्रथमच घडलं. त्यांनाही ते विचित्र वाटलं. “तुला बरं आहे ना?” म्हणाले.

फोन तर थांबतच नव्हते. “डॉक्टर, आमच्या घरातली सगळी मतं तुमालाच!” डॉक्टर हरखून विचारायचे, “आपण कुठल्या गल्लीतले?” तिकडून उत्तर यायचं, “आमी कागलचं.” कागल, कोल्हापूर, गडहिंग्लज. कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडून, फोटो काढायला म्हणून, पोरं मोटारसायकलींवर यायची, डॉक्टरांना खांद्यावर घेऊ बघायची आणि परत महाराष्ट्रात जायची. खानापूरकडनं एकजण तर म्हैस टेम्पोत घालून आला. जीव ओवाळून टाकणारी एवढी माणसं, पण एकाचंही नाव आमच्या मतदार यादीत नाही.

मतमोजणीत डॉक्टर दुसरे आले. जीपवाला तरुण निवडून आला, फार थोड्या फरकानं. तिसरे आले ते दुसऱ्या मोठ्या पक्षाचे, ज्यांचा फोटो पहिल्या दिवसापासून पेपरात होता. माझे डोळे भरून आले. दुःखानं नव्हे. आमच्या गल्लीबाहेरच्या पेट्यांतूनही इस्त्रीला मतं निघाली होती, आणि बऱ्यापैकी निघाली होती. डॉक्टर मात्र केंद्राबाहेर एका बैलाच्या शिंगाला झालेली जखम बघत उभे होते.

संध्याकाळी निवडून आलेला पोरगा हारासकट घरी आला. डॉक्टरांच्या पाया पडला. मी चहा ठेवला. बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला, “डॉक्टर, रागावू नगासा, एक सांगतो. पेपरवाल्यांनी पयल्या दिवसापासनं तुमचं नाव छापलं असतं, तर मी पडलो असतो.”

“आणि तुझं छापलं नसतं तर?”

त्यानं बशी खाली ठेवली. “तर घरातलीबी मतं पडली नसती,” म्हणाला, “आमचा बा लई चिकित्सक हाय.”

दोघंही मोठ्यानं हसले. तेवढ्यात बाहेर त्याच्या कार्यकर्त्यांनी माळ लावली. फटाक्यांच्या आवाजानं शेजारची गाय दावं तोडून बोळात शिरली. डॉक्टर चहा टाकून उठले आणि नवीन नगरसेवकाला म्हणाले, “ऊठ, दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहा. हात पसरून. पळू नकोस.” तो गळ्यात हार घालूनच बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.