विदोसावाचा लोकरी पट्टा

पडदा वर जातो तेव्हा सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एका दवाखान्याची खोली दिसते. पांढऱ्या भिंती, एकच खुर्ची, आणि खुर्चीत थंड पाणी खेळवलेलं जाकीट घालून बसलेली विदोसावा. वय बासष्ट, वजन एकशे आठ किलो. नाटकघराचा कपडेपट ती छत्तीस वर्षं सांभाळत आलेली. घामेजून विंगेत आलेल्या किती राजांच्या खांद्यांवर तिनं शाल टाकली, वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून किती खिडक्या लावल्या, त्याला गणती नाही. झोत किडनीत शिरला की माणूस संपला, हे आईनं शिकवलेलं.

आता मात्र तिला मुद्दाम गारठवत होते. मधुमेहाची एक जुनी गोळी मानेजवळची तपकिरी चरबी जागी करते का, आणि ती चरबी ऊब निर्माण करता करता वजन उतरवते का, हे डॉक्टर तियानाला पाहायचं होतं. गोळीआधी एक स्कॅन, बारा आठवड्यांनी दुसरा; दोन्ही गारठवूनच, कारण अंग उबेत असलं की ही चरबी स्कॅनमध्ये उजळत नाही. गुडघ्याच्या सर्जननं बजावलं होतं, वीस किलो उतरव, मग शस्त्रक्रिया. नाहीतर कपडेपटाचा जिना विसर.

पहिल्या स्कॅनच्या वेळी तिनं जाकिटाखाली कमरेला लोकरी पट्टा गुंडाळला होता. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वेळेपर्यंत सात किलो उतरले, पट्टा सैल होऊन घसरायला लागला, म्हणून घरीच राहिला.

या वेळी तिची मान स्कॅनच्या पडद्यावर लख्ख उजळली. तियाना हरखली. मावशींइतका फरक कुणातच नाही, आता वर्षभर गोळी चालू ठेवू, म्हणाली.

तेव्हापासून विदोसावाला बसवेना की उभं राहवेना. इस्त्रीखाली राजाचा झगा करपला. पुढ्यातला खिम्याचा बुरेक तसाच गार झाला. बाई प्रेमात पडली की काय, म्हणून नटांनी चिडवून घेतलं. फरक गोळीचा, की या वेळी पट्टा नव्हता म्हणून? सांगितलं तर गोळी बंद, जिनाही गेला. गप्प बसलं तर आपल्या मानेच्या भरवशावर कितीतरी बाया खोटी आशा धरतील.

चौथ्या दिवशी तिनं पट्टा तियानाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

तियानानं पट्टा उचलून बघितला. "मावशी, तुमचे दोन्ही स्कॅन बाद. गोळीही आता देता यायची नाही. हिवाळ्यात नवी तुकडी घेणार आहोत, विचारून बघते. पण शब्द देत नाही."

विदोसावानं खुर्ची जरा बाजूला सरकवली.

"माझं नाव लिहून ठेव, पोरी. पट्टा तुझ्याकडेच राहू दे. पण आत्ता ती खिडकी तेवढी लाव, झोत सरळ कमरेवर येतोय."