आत्याबाईंचे खडे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, अक्षर तर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे, त्याची माफी असावी. पण पोटातले खडे दागिन्यासारखे मिरवणारी बाई आमच्या आत्याबाईंखेरीज साऱ्या पारनेर तालुक्यात सापडायची नाही, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं. या माझ्या मालकांच्या आत्या. मूलबाळ नाही, आमच्या घरामागं एकट्या राहतात. तरुणपणी त्यांच्या पित्ताच्या नळीत खडे अडकले होते, ते नगरला पोट उघडून काढले. तेव्हापासून ते चुन्याच्या डबीत आहेत. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी येते. एकदा माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मंडळींपुढं त्यांनी ती उघडली, तर मुलाच्या मामांनी सुपारी समजून हात पुढं केला. "घ्या की," आत्याबाई म्हणाल्या, "धुतल्याले हायेत." बायकांत बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या की त्या टाक्यांची खूण दाखवतात आणि म्हणतात, "बाळंतपन काय, सगळ्याच करत्यात."

त्यांच्या या नादानंच मी वाचले. मला थंडी वाजून ताप यायला लागला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. सगळे म्हणाले, कावीळ आहे, गावठी औषध द्या. आत्याबाईंनी माझ्या उजव्या बरगडीखाली बोट दाबलं. मी कळवळले, तशा त्या मालकांना म्हणाल्या, "बापू, हे माझंच दुखनं हाय. काढे पाजत बसलास तर बायकू घालवशील. गाडी बघ." घरात पैसे नव्हते. त्यांनी त्याच दिवशी आपली दुभती म्हैस विकली आणि वर म्हणाल्या, "लई लाथा मारायची."

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नळीत खडा अडकलाय. तोंडातून दुर्बीण सोडायची, नळीचं तोंड जरा मोकळं करून खडा खाली ओढायचा. पोट फाडायला नको, दोन-तीन दिवसांत घरी. पण त्यातही धोका असतो, आत सूज येऊ शकते, आणि खडा नाहीच निघाला तर ऑपरेशन. आत्याबाईंना पटेना. "हिरीतली घागर गळानं काढल्यावानी? माझं पोट उघडलं म्हनून मी जित्ती हाय. हिचंबी उघडा." मालकही मान हलवायला लागले. परक्या माणसापुढं मी कधी बोलले नव्हते. पण ऑपरेशननंतर कितीतरी महिने कळशीसुद्धा उचलता आली नाही हे आत्याबाईंनीच शंभरदा सांगितलेलं, आणि माझी धाकटी अजून कडेवर होती. मी तोंडाशी पदर धरून म्हटलं, "दुर्बीणच घाला." आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "हिला वाचा हाय व्हय," त्या मालकांना म्हणाल्या.

खडा निघाला. आत्याबाई दाराशी वाटी घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खडा आतड्यात सोडला, आपोआप बाहेर पडेल. "म्हंजी आतच हाय. मग काढला काय?" डॉक्टर कागदावर चित्रं काढून दमले. घरी आल्यावर त्या रोज सकाळी मला उन्हात उभं करून डोळे तपासायच्या. डोळे पांढरे झाले तेव्हा कुठं त्यांनी गावाला सांगितलं, "काढला म्हनत्यात." पण माझ्याकडं ना खडा ना खूण, याचं त्यांना फार वाईट वाटे. पुढं माझी पित्ताची पिशवी बारीक भोकांतून काढली, तेव्हा पिशवीतले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले. ते त्यांनी आपल्या खड्यांशेजारी ठेवून पाहिले. "बारकं हायेत," त्या समाधानानं म्हणाल्या.

म्हशीचे पैसे मी डेअरीतून दुधाचा पगार झाला की थोडे थोडे नेऊन देत असे. त्यांनी कधी मागितले नाहीत, पण मी गेले की तासभर उठू देत नसत. गेल्या महिन्यात शेवटचे दिले. त्यांनी न मोजता उशाखाली सारले.

"आत्या, फिटलं सगळं," मी म्हटलं.

त्यांनी उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "पैसं बाकी हुतं तवर तू येनार, ठावं हुतं."

मी उठून दोघींपुरतं चहाचं आधण ठेवलं.